सामनेवाले क्रमांक एक

(करावे गाव. पहिल्या मजल्यावरची बाहेरची खोली. आतल्या खोलीतून ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीची बुडबुड सतत ऐकू येते.)

बासित : "…तक्रारदार, सौ. सगुणा नामा तांडेल, राहणार करावे गाव, नेरूळ. विरुद्ध. सामनेवाले क्रमांक एक, बासित जाफर मुकादम, मुकादम सर्जिकल, तळमजला, पत्ता वरीलप्रमाणे."

सगुणा : थांब जरा. वरीलप्रमाणे म्हंजे?

बासित : म्हणजे तुमचाच पत्ता, मावशी. तुम्ही वर राहता, माझं दुकान खाली.

सगुणा : ते कळलं मला. माझ्या तक्रारीत तुझं नाव कशाला, ते विचारते.

बासित : सामनेवाला आहे ना मी. एक नंबर मी, दोन नंबर कंपनी, तीन नंबर ट्रान्सपोर्टवाला.

सगुणा : शाळेत कधी पयला नंबर आला नसंल, म्हनून इथं हौस भागवतोस काय?

बासित : मावशी, मशीन तुम्ही कंपनीला नव्हतं दिलं. मला दिलं होतं. विकलं मी, रिपेरीला परत घेतलं मी, पुढे पाठवलं मी. हरवलं तर तुम्ही मला विचारायचं. मी कंपनीला विचारायचं. कायदा एकदम सरळ आहे.

सगुणा : सरळ हाय तर तुला घाम कशाचा फुटलाय? पंखा वाढव. आनि तो कागद बाजूला ठेव, चहा पी.

बासित : चहा नंतर. पुढचं ऐका. "तक्रारदार यांनी पतीच्या फुप्फुसाच्या आजारासाठी सामनेवाले एक यांच्याकडून खांद्याला अडकवून फिरता येईल असे, बॅटरीवर चालणारे ऑक्सिजनचे मशीन विकत घेतले. सदर मशीन दहाव्या दिवशी बंद पडले."

नामा : (आतून) जेटीवर बंद पडला. लिव तसा.

सगुणा : तुमी पडून राहा. बोलू नका, दम लागतो.

नामा : जेटीवर बंद पडला आनि गोटीरामनं मना बर्फाच्या हातगाडीवर घालून आनला. सगला गाव बघत व्हता. कोलंबीसारखा आनला मना. ह्ये पन लिव.

बासित : काका, एवढं नाही लिहिता येत.

नामा : का? खरा हाय.

सगुणा : ऐकलंस? नऊ दिवस फिरले नि दहाव्याला गाडीवर. आता दीड महिना झाला, या दोन खोल्यांच्या बाहेर पाय नाय. गोटीराम रोज खिडकीखालून आरोळी देतो, "नामा, हायस का?" एक दिवस हे बोलले नाहीत तर तो वर चढून आला धापा टाकत. म्हटलं, अरे, झोपलेत.

बासित : म्हणूनच सांगतो, ऐका. कंपनीच्या माणसाचा सकाळी फोन होता. फॉर्म पाठवलाय. "दुकानाच्या स्टॉकमध्ये एक पीस कमी." मी संध्याकाळी सहापर्यंत सही करायची. सही झाली की त्यांची फाइल बंद.

सगुणा : मग कर की सही. फाइल बंद म्हंजे मशीन मिळंल ना?

बासित : एप्रिलमध्ये. वर्षाचा स्टॉक तपासतात तेव्हा. आणि तेव्हासुद्धा "बघू" म्हणाला.

सगुणा : आता तर ऑक्टोबर चाललाय.

नामा : एप्रिलला मी हाय का नाय, तो पन तपासा स्टॉकमंदी.

सगुणा : तुमी गप राहा म्हटलं ना.

बासित : काका, नका ना असं बोलू.

सगुणा : पन दुकानाचा स्टॉक कसला? मशीन आमचं. मी कानातले मोडून घेतलं. तुझ्या दुकानाचं कधी झालं ते?

बासित : मी केलं. तेच तर चौथ्या कलमात आहे. वाचू?

सगुणा : कलम नको. तोंडानं सांग.

बासित : तुम्ही मशीन खाली घेऊन आलात, आठवतंय? मी फॉर्म पुढे केला, इथे सही करा म्हटलं. तुम्ही काय बोललात?

सगुणा : काय बोलले?

बासित : "मी वर, तू खाली. आपल्यात कागद कसला? उद्या मीठ मागितलं तर पावती फाडशील काय?"

सगुणा : बोलले असेन.

बासित : आणि मी हसलो. फॉर्म ठेवून दिला. ग्राहकाची वस्तू कंपनीकडे पाठवली की एकवीस दिवस लागतात. दुकानाचा दाखवायचा पीस असेल तर सात दिवसांत करून देतात, दुकानदार नाराज व्हायला नको म्हणून. सगळे दुकानदार तेच करतात, मावशी. मी पण केलं. फॉर्मवर लिहिलं, दुकानाचा पीस. काकांना सात दिवसांत मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

सगुणा : म्हंजे कागदावर आमी नाहीच.

बासित : नाही. कागदावर माझा एक पीस माझ्याच दुकानातून गेला आणि हरवला. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, तळोज्याच्या गोडाऊनला उतरवला. गोडाऊन म्हणतं, आमच्याकडे आलाच नाही. कंपनी म्हणते, तुम्ही तिघं आपसात बघा, तुम्ही व्यापारी आहात. ग्राहक कोणीच नाही ना. ग्राहक असता तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

सगुणा : दुसरं नवीन मागव की त्यांच्याकडून. तू एजंट हायस त्यांचा.

बासित : मागवलं. ह्याचा निकाल लागेपर्यंत त्या मशीनचा नवा पीस देत नाहीत मला. दुसऱ्या कुठल्या दुकानातून तुम्ही घ्यायचं म्हटलंत तर…

सगुणा : एकदा कानातले गेलेत. आता कान काढून द्यावे लागतील.

बासित : म्हणून ही तक्रार. ग्राहक आयोगात, कोकण भवनला. माझी बहीण कैनात वकील आहे, तिला विचारून लिहिलंय. ती उभी नाही राहू शकत तुमच्यासाठी, भाऊच सामनेवाला. पण वकील लागतच नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता. आणि सोबत अर्ज करायचा, की केस चालू असेपर्यंत आम्हाला वापरायला दुसरं मशीन द्या. आजारी माणूस आहे म्हटल्यावर आयोग तसा हुकूम देऊ शकतो.

सगुणा : देईलच?

बासित : देईलच असं नाही. देऊ शकतो.

सगुणा : आनि तुझं काय?

बासित : माझं काय?

सगुणा : मला येडी समजू नको. तू फॉर्मवर खोटं लिहिलंस, हे मी सरकारात लिहून दिलं, तर कंपनी तुला ठेवंल का एजन्सीला?

बासित : बघू.

सगुणा : तू पन त्या एप्रिलवाल्यासारखं "बघू" बोलायला लागलास.

बासित : नाही ठेवणार. बस? काढून टाकतील. दुकानात व्हीलचेअर राहतील, वाफेची मशीनं राहतील, कमोडच्या खुर्च्या राहतील.

सगुणा : खुर्च्यांवर चालतंय तुझं घर?

बासित : चालवू.

सगुणा : तू ऐक आता माझं. या गावात घरमालकानं भाडेकरूवर केस टाकली, तर लोक काय समजतात म्हाईत हाय? गाळा खाली करून पायजे. दुसरं कायच नाय समजत. मालतीबाईनं टाकली त्या शिंप्यावर, तीन महिन्यांत तिथं मोबाइलचं दुकान. आनि आमच्या रूपेशला तर हवंच हाय. येतो आठवड्याला, बापाच्या उशाशी बसतो नि विचारतो, "खालच्याचा करार कवा संपतो?" मी तुझ्यावर केस टाकली, तर पयला पेढा तोच वाटंल.

बासित : रूपेशदादाचं मी बघतो.

सगुणा : तू काय बघशील? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी? रमजानला माझ्या घरी डबा येतो तिचा. ती विचारील, सगुणा, माझ्या पोरानं तुझ्या नवऱ्यासाठी घाई केली, त्याचं हे फळ दिलंस?

बासित : अम्मीला सांगितलंय मी.

सगुणा : काय बोलली?

बासित : बोलली, "माणूस बसलाय कोंडून आणि तू एजन्सी सांभाळतोस?" तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

सगुणा : मग तिला सांग, मी बोलले नको.

नामा : सगुना.

सगुणा : काय हाय? पानी पायजे?

नामा : मना कोनी इचारला?

सगुणा : तुमाला काय विचारायचं त्यात?

नामा : श्वास माजा. मशीन माजा. केस तुजी, दुकान त्याचा. मना कोनी इचारत नाय. मी काय आत ठेवलेला भांडा हाय?

बासित : बोला काका. सावकाश.

नामा : तू खोटा लिवलास?

बासित : हो काका.

नामा : माज्यासाठी?

बासित : तुमच्यासाठी म्हटलं तर मला बरं वाटतं. पण एवढं पण नाही. एकवीस दिवस तुमचा रोजचा प्रश्न ऐकत बसावा लागेल, याचाच मला कंटाळा आला. "आला का, आला का." म्हटलं सातमध्ये सुटू.

नामा : ह्ये बरा बोललास. आता खरा वाटतंय.

सगुणा : बघा, हसतात. हसू नका, खोकला येईल.

नामा : सगुना, सही कर.

सगुणा : त्याचं दुकान जाईल.

नामा : जाईल. नायतर मी जाईन. तू कोनाला वाचवतीस ता तू ठरव. मी आडवा पडून काय ठरवनार?

सगुणा : असं कुनी बोलतं का हो? असं तोडून?

नामा : दम कमी हाय. लांब बोलता येत नाय.

बासित : मावशी, पेन घ्या.

सगुणा : घेते. आधी दाखव काय लिहिलंस. सातवी झालेय मी, वाचता येतं. हे काय? "सामनेवाले एक यांनी अक्षम्य हलगर्जीपणा व फसवणूक केली." फसवणूक कुनी केली?

बासित : तसं लिहायची पद्धत आहे.

सगुणा : पद्धत गेली खड्ड्यात. फसवणूक काढ. माझी काय फसवणूक केलीस तू? अक्षम्य पन काढ.

बासित : मग उरलं काय?

सगुणा : हलगर्जीपणा. तो हाय. तो राहू दे.

बासित : खोटी नोंद राहिली पाहिजे. ती काढली तर कंपनी सुटते.

सगुणा : ती राहू दे. पन पुढं लिही, "माझ्या नवऱ्याला लवकर मिळावं म्हनून केली."

बासित : ते तुम्ही नाही लिहायचं. ते माझ्या उत्तरात येईल. नोटीस आली की मी माझं उत्तर देणार ना.

सगुणा : मग ते उत्तर पन मला दाखव. तुला मराठी लिहिता येत नाय धड, कमोडच्या खुर्चीसारखं लिहितोस. मी सांगेन तसं लिही.

बासित : तक्रारदारानं सामनेवाल्याचं उत्तर लिहायचं नसतं, मावशी.

सगुणा : मग तू माझी तक्रार कशी लिहिलीस?

बासित : हे बघा, खोडलं. फसवणूक गेली, अक्षम्य गेलं.

सगुणा : कुठं करू सही?

बासित : इथे. आणि मागच्या प्रत्येक पानावर खाली. आणि त्या वेगळ्या अर्जावर.

सगुणा : नाव वाकडं येतंय बघ.

बासित : चालतं. तुमचंच आहे ना.

सगुणा : घे. झालं. आता त्या फॉर्मचं काय, सहा वाजताच्या?

बासित : नाही करत मी सही. त्यांचा फोन येईल, उचलतो आणि सांगतो, मशीन ग्राहकाचं होतं.

सगुणा : ओरडतील तुला.

बासित : ओरडू देत. उद्या सकाळी मी तुम्हाला गाडीवर कोकण भवनला सोडतो, अर्ज देऊन या.

सगुणा : सामनेवाल्याच्या स्कूटरवर मागं बसून जाऊ? लोक काय म्हनतील?

बासित : मग रिक्षानं जा. मी मागून येतो.

सगुणा : नको. सोड तूच. पन फाटकाच्या अलीकडं उतरव.

नामा : बासित.

बासित : हा, काका.

नामा : ह्या सगल्याला किती दिवस लागतील? खरा सांग. मघासारखा.

बासित : महिना, दोन महिने. जास्त पण लागतील. तो हुकूम मिळाला तर लवकर.

नामा : नाय मिलाला तर?

बासित : तर सिलिंडर आहे, काका. मी आहे खाली, दुकान असो नसो. बदलायला येईन.

नामा : सिलिंडरला चाकं नायत. मग एक काम कर. ही नाकातली नली हाय ना, ही लांब मिलंल का? जोडून बिडून?

बासित : मिळते. जोडता येते. कुठपर्यंत पाहिजे?

नामा : मागच्या गॅलरीपर्यंत. तितून खाडी दिसते थोडी. भरतीला तरी.

बासित : थांबा, टेप आणतो खालून. मोजून घेतो.

सगुणा : मोजू नको. सतरा पावलं हायत. माझी.