सेकंदाला वीस फोटो

...आणि वर मलाच विचारतात, वीब्रेन, कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचलं होतंस का? अहो, वाचलं! तीनशे पानं, दोनदा! तुम्हाला सांगतो, कॅमेरा चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. सेकंदाला वीस फोटो काढतो. आता एका सेकंदात वीस वेळा चुकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? तो मी.

झालं काय, की आमची हिस्के, म्हणजे माझी मुलगी, काठीनं कालवा ओलांडते. हॉलंडच्या उत्तरेला, फ्रीसलँडात, आमच्याकडे सगळेच ओलांडायला जातात आणि पाण्यात पडतात, ही पलीकडच्या वाळूत पडते. धावत जायचं, पाण्यात रोवलेली झाडाएवढी उंच काठी धरायची, सरसर वर चढायचं, काठी पलीकडे कलली की सोडायची. सगळं मिळून पाच सेकंद! आणि सोमवारी तिच्या खांद्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, यापुढे काठी बंद. म्हणजे शनिवारच्या स्पर्धेतली उडी शेवटची. तारीख ठरली तेव्हाच मला म्हणाली, "बाबा, वर पोचल्यावर काठी क्षणभर सरळ उभी असते ना, तेवढा एक फोटो हवाय मला." पोरीनं मागितलं काय, तर एवढंच...

म्हणून तर लगेच हा कॅमेरा आणला. आणि सराव केला हो! दोन महिने कुरणात पालथा पडून टिटव्यांचे फोटो. कॅमेऱ्याला सांगून ठेवायचं, पक्षी शोध, की तो आपणहून पक्षी धरतो, एकेक पीस मोजून घ्या! म्हटलं, टिटवी जमली तर पोरगी काय, हातचा मळ.

शनिवारी मी पाण्याच्या काठाशी आणि चार पावलं मागे कोण, तर दौत्सेन आत्या. वय एक्क्याऐंशी, घडीची खुर्ची, मांडीवर साखरपाव आणि गळ्यात जुना रिळाचा कॅमेरा. रिळात फोटो उरलेला एक! म्हटलं, आत्या, राहू दे, मी आहे ना. ती म्हणाली, आहेस बाबा, आहेस, आणि पाव चघळत बसली.

हिस्के धावली, मी बटण दाबलं, कटकटकटकट... आणि तेवढ्यात कुठून कडमडला देव जाणे, एक सीगल मध्ये आला! कॅमेऱ्याला काय सांगितलेलं? पक्षी शोध. शोधला हो त्यानं! डोळा, चोच, चोचीतला तळलेला बटाटा... सांगतोय ना, कॅमेरा चांगलाच आहे! मी मान खाली घालून बटणं चाचपतोय, पक्षी नको रे, माणूस, माणूस कुठंय... आणि मागे आत्या पुटपुटतेय, "धरली... चढ, चढ... थांब... आता." खट्. एकदाच. तरुणपणी बारा उन्हाळे तिनं स्वतः त्या काठीवर काढलेत, तिला नाही कळणार तर कोणाला?

लोक ओरडले म्हणून वर पाहिलं, तर हिस्के पलीकडे वाळूत उभी, हसतेय, रडतेय. म्हणजे फोटो नाही तो नाहीच, उडीसुद्धा पाहिली नाही मी! फार वाईट वाटलं हो. घरी येऊन सगळे फोटो चाळले, सीगल मात्र एकाही फोटोत हललेला नाही. कॅमेरा चांगलाच आहे...

आत्याचं रीळ धुऊन यायला पंधरा दिवस. पंधरा दिवस मी घरभर येरझाऱ्या घालतोय आणि खांदा बांधलेली हिस्के मलाच म्हणतेय, बाबा, बस ना जरा. शेवटी फोटो आला. काय सांगू! काठी सरळ, टोकाला पोरगी, वर नुसतं आभाळ. दारातून आत आलं की समोरच लावलाय. येणारा प्रत्येक जण वा वा म्हणतो आणि मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवतो. तिथं काठावर सगळं गाव माना वर करून बघतंय आणि मधोमध एकच माणूस मान खाली घालून उभा आहे. विचारतात, हे गृहस्थ कोण? मी सांगतो, हे होय... हे फोटोग्राफर.