खडखडाट कोणाचा?

माझे पूर्ण नाव व पत्ता या कागदाच्या वरच्या भागात लिहून घेतला आहे. वय ४६ वर्षे, धंदा गाडी चालवायला शिकवण्याचा, राहणार पतीच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. रविवारी शर्यतीच्या वेळी मी मैदानावर झेंडा दाखवण्याचे काम करत होते. टायर कंपनीच्या साहेबांना माझ्या धाकट्या बहिणीने चरात ढकलले, अशी तक्रार आल्यावरून मला बोलावण्यात आले. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते, ते असे.

माझे पती गाड्यांची दुरुस्ती करतात. त्यांना सगळे पाना म्हणतात. धाकटीचे यजमान लाउडस्पीकर भाड्याने देतात आणि माईकवर स्वतःच बोलतात. त्यांना सगळे भोंगा म्हणतात. दोघे शाळेपासूनचे मित्र. पाना मला बघायला आले तेव्हा त्यांना चारचौघांत बोलता येत नाही म्हणून भोंगा यांना सोबत आणले होते. सगळे बोलणे भोंगा यांनीच केले. जाताना त्यांनी धाकटीला पाहिले आणि त्यांचेही बोलणे बंद पडले. अशा रीतीने मित्रांचे साडू झाले.

गाड्यांच्या शर्यती दोघांनी मिळून सुरू केल्या. वीटभट्टी बंद पडल्यावर तिचे मैदान रिकामे होते, तिथे वळणे आखली. नियम एकच, गाडी भंगारातली पाहिजे आणि जो चालवणार त्यानेच ती दुरुस्त केलेली पाहिजे. पहिल्याच शर्यतीत पाना यांच्या गाडीचा बंपर पडला, मग सायलेन्सर पडला, मग डावीकडचे दार पडले आणि गाडी तरीही पळतच राहिली. भोंगा माईकवरून ओरडले, "अरे, ही गाडी आहे की भांड्यांची फळी कोसळतेय? नुसता खडखडाट!" लोकांनी तोच शब्द उचलला. पुढच्या वेळी बोर्डावरही तोच आला. धाकटीने झेंडे शिवले, चालवणाऱ्यांचे अंगरखे शिवले. मी झेंडा हातात घेतला तो आजपर्यंत खाली ठेवलेला नाही. गावोगावची माणसे आपापली भंगारे घेऊन येऊ लागली. एकाच शर्यतीच्या वर्षभर चालणाऱ्या शर्यती झाल्या, गुणांचा तक्ता आला, करंडक आला. मालक कोण, हे कोणी कोणाला विचारले नाही. घरात मीठ कोणाचे, असे कोणी विचारते का?

गेल्या हंगामाच्या शेवटी टायर कंपनीचे साहेब आले. माणूस हसतमुख. त्यांना शर्यतींच्या नावाआधी आपल्या टायरचे नाव लावायचे होते. त्यांनी विचारले, "मालक कोण?" दोघे एकदम म्हणाले, "आम्ही." साहेब म्हणाले, "सहीला एकच माणूस लागतो." तिथेच माशी शिंकली.

त्यानंतर भोंगा यांनी खडखडाट हे नाव कायद्याने स्वतःच्या नावावर करून घेतले. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्या कोणी पळवण्याआधी आपणच करून ठेवावे, घरातच तर राहते. हे त्यांनी पाना यांना सांगायला हवे होते. दिवसभर बोलणाऱ्या माणसाने नेमके तेवढेच सांगितले नाही. पाना यांना ते भिंतीवर लागलेल्या जाहिरातीवरून कळले. त्या दिवशी ते घरी येऊन बराच वेळ हात धूत होते. हात काळे झालेले नव्हते.

मैदानाचा भाडेकरार पाना यांच्या नावावर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानाच्या फाटकाला नवे कुलूप लावले. मग वकील आले, नोटिसा आल्या. शेवटी कोर्टाने सांगितले की, निकाल लागेपर्यंत पाना यांनी ते नाव वापरायचे नाही आणि भोंगा यांनी मैदानात पाय ठेवायचा नाही. म्हणजे एकाच्या हाती म्हशीची शिंगे, दुसऱ्याच्या हाती शेपूट, दूध कोणालाच नाही.

आमची दोन्ही घरे पाठीला पाठ लावून आहेत, गच्ची एकच. मी आणि धाकटीने ठरवले की नवऱ्यांच्या भांडणात आपण पडायचे नाही, त्यावर अवाक्षर काढायचे नाही. ते आम्ही पाळले. पण आमच्याकडे दुसरे बोलायला फारसे काही नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. "वाळले का ग कपडे?" "वाळले." एवढ्यावर दिवस निघू लागले. हळूहळू ती खाली माझ्याकडे येईनाशी झाली. मीही गेले नाही.

रविवारी सकाळी आमची शर्यत होती. बोर्डावर नाव घालायची बंदी, म्हणून पाना यांनी नुसते "शर्यत" एवढेच रंगवले होते. मैदानाच्या कडेने पाण्याचा चर जातो. चराच्या पलीकडे सपाट शेत आहे, ते कंपनीने भाड्याने घेऊन आणि भोंगा यांच्याशी नावाचा करार करून त्याच दिवशी, त्याच वेळी आपली शर्यत ठेवली होती. तिकडे मोठी कमान होती, कमानीवर टायरचे नाव आणि पुढे खडखडाट. गाड्या मात्र कंपनीने आणलेल्या, कोऱ्या करकरीत. लोक चराच्या दोन्ही बाजूंना उभे होते, त्यांना दोन्ही शर्यती फुकट दिसत होत्या.

मी झेंडा खाली केला आणि आमच्या गाड्या सुटल्या. आमच्याकडे माईकवर पाना स्वतः होते, दुसरे कोणी मिळाले नाही. त्यांनी "गाड्या निघाल्या आहेत" असे सांगितले. थोड्या वेळाने "गाड्या अजून चालू आहेत" असे सांगितले. मग माईक खाली ठेवला. लोक हसले. मला हसू आले नाही.

पलीकडच्या गाड्या एका रांगेत, एका वेगाने, गुपचूप जात होत्या. खडखडाट नावाच्या शर्यतीत आवाज म्हणून नव्हता. भोंगा चराच्या काठाशी बांधलेल्या मचाणावर उभे होते. पहिली फेरी त्यांनी कशीबशी बोलून काढली. "पांढरी गाडी पुढे, तिच्यामागे... पांढरी गाडी." एवढ्यात आमच्याकडे बेकरीवाल्याच्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आदळले आणि तो खिडकीतून मुंडके बाहेर काढून तसाच चालवू लागला. भोंगा यांनी स्वतःच्या गाड्यांकडे पाठ केली. त्यांच्या कर्ण्यातून आवाज आला, "बेकरीवाले, भट्टीचं दार लावा! पाव करपतोय! आणि ही बघा मास्तरीणबाईंची निळी गाडी, एका चाकावर विश्वास, बाकी तीन चाकं वाऱ्यावर!"

आमच्या बाजूचे लोक ओरडायला लागले. त्यांच्या बाजूचे लोकही वळून चराच्या काठावर आले. भोंगा चर ओलांडून मैदानात आले नव्हते आणि पाना यांनी ते नाव वापरले नव्हते. त्यामुळे कोर्टाचा हुकूम कोणी मोडला, असे माझ्या पाहण्यात नाही. मी पाना यांच्याकडे पाहिले. त्यांनी खाली ठेवलेला माईक बंद केला, म्हणजे मध्ये शिट्टी वाजू नये.

कंपनीचे साहेब मचाणाखाली येऊन म्हणाले, "अहो, आपली शर्यत इकडे आहे!" भोंगा म्हणाले, "एक मिनिट, साहेब, तिकडे घडतंय." साहेबांनी कर्ण्याची वायर उपटली. आवाज बंद झाला. वायर सामानासकट भोंगा यांच्या मालकीची आहे, म्हणून मचाणाजवळ उभ्या असलेल्या धाकटीने तिचे दुसरे टोक धरले. साहेब एका बाजूला ओढत होते, धाकटी दुसऱ्या बाजूला. साहेबांची पाठ चराकडे होती. ते मोठ्याने म्हणाले, "सोडा! बाई, सोडा म्हणतो ना!"

धाकटीने सोडली.

साहेब मागच्या मागे चरात गेले. पाणी गुडघाभर, बाकी चिखल. धाकटीने त्यांना हातही लावलेला नाही. हात लावला तो नंतर, बाहेर काढताना. ती स्वतः चरात उतरली आणि तिने त्यांचा एक बूटही शोधून दिला. दुसरा सापडला नाही.

हे चालू असताना आमची शेवटची फेरी चालू होती. माईक नाही, वायर नाही, तरी भोंगा मचाणावरून नुसत्या घशाने ओरडत होते. मास्तरीणबाईंच्या गाडीचे मागचे चाक डुगडुगत होते, ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हते. भोंगा ओरडले, "ताई, लाल! लाल झेंडा!" मी लाल झेंडा दाखवला. बाईंनी गाडी थांबवली आणि थांबता थांबता चाक निखळून गवतात गेले. बाई खिडकीतून बाहेर आल्या, कोणाला काही झाले नाही. आणखी एक वळण झाले असते तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही. 

पाना यांनी गाड्या चढवायची लांब फळी उचलली आणि चरावर आडवी टाकली. भोंगा मचाणावरून उतरले. फळीपाशी येऊन थांबले. म्हणाले, "कोर्टाने मनाई केलीय."

पाना म्हणाले, "फळी मैदान नाही. ये."

भोंगा फळीच्या मधोमध आले. पाना या टोकाकडून आले. माझ्या कानावर पडले ते असे.

"चाक तुला दिसलं नाही?" भोंगा यांनी विचारले.

"मी पुढच्या गाड्या बघत होतो. तू नसलास की मला सगळं एकदम दिसत नाही."

"नाव मी माझ्यावर करायला नको होतं."

"नाव तुझंच आहे. तूच ओरडला होतास."

"ओरडलो मी, पण गाडी कोणाची मोडत होती, गधड्या?"

 फळी दोघांच्या वजनाने वाकायला लागली होती, म्हणून मी दोघांना इकडे यायला सांगितले. भोंगा यांनी मैदानात पाय ठेवला तो माझ्या सांगण्यावरून. त्याबद्दल काही कारवाई व्हायची असल्यास ती माझ्यावर व्हावी.

कंपनीने आपली कमान संध्याकाळी उतरवून नेली. साहेबांनी जाताना कंपनीतर्फे नाव लावण्याचा करार रद्द केल्याचे सांगितले. भोंगा म्हणाले, "बरं झालं, तुमच्या करारावर एकट्याने सही करताना मला भीतीच वाटली होती." नाव आणि मैदानाचा भाडेकरार दोन्ही दोघांच्या नावावर करण्यासाठी ते सोमवारी वकिलांकडे गेले. आधी कोणाचे नाव लिहायचे यावरून तिथे पुन्हा बोलाचाली झाली, म्हणून वकिलांनी त्यांना बाहेर बसवले. हे वकिलांनीच मला फोनवर सांगितले.

साहेबांना चरात पडल्याने त्रास झाला, याचे आम्हाला वाईट वाटते. त्यांच्या बुटाचा शोध चालू आहे.

आणखी एक सांगायचे आहे. रविवारी मी घरी आल्यावर धाकटी माझ्या मागोमाग आली. गच्चीवरून नाही, खालच्या दाराने. चिखलाच्या पायांनी ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिला पाय धू असे म्हटले नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत होतो. फरशीवर तिच्या पावलांचा चिखल वाळला आहे, तो मी आज सकाळपर्यंत पुसलेला नाही. याचा तक्रारीशी संबंध नाही, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. तरी लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली व त्यांनी ती मान्य केली.

एवढाच माझा जबाब आहे. तो मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, मी बोलले तसाच उतरला आहे, एकही शब्द बदलायचा नाही. खाली सही केली आहे.