तीन नंबर शेडची नोंद

नाही, उखाभाऊ, फाटकाच्या आत नको. तिथंच बसा ट्रकशेजारी निंबाखाली, मी इथून बोलते. ट्रे भरून तयार आहेत ते मलाही दिसतंय – पण ट्रेवर लावायची चिठ्ठी निघत नाही, आणि चिठ्ठी नसली तर सुरतेचा व्यापारी एक अंडंही उतरवून घेत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. सकाळी मी तुम्हाला म्हटलं ना, मशीन बिघडलंय – ते शेठनी सांगायला सांगितलं होतं. मशीन बिघडलेलं नाही. धड आहे म्हणूनच चिठ्ठी निघत नाही.

बसा ना, असे उभे राहू नका, मलाच कसंतरी होतं. मी सकाळपासून बसलेच नाही. ऑफिसात जाते, परत फाटकाशी येते – जोसेफ म्हणाला, तू काय गस्त घालतेस? जोसेफ म्हणजे माझा नवरा, खाद्याकडे असतो तो, ओळखता तुम्ही. काय म्हणालात? एवढंच असेल तर खोडून टाक नोंद? सगळे हेच म्हणतात. खोडता येत नाही, भाऊ. मी रोज फोनमध्ये लिहिते – कुठल्या शेडला कुठलं खाद्य, लस कधी दिली, अंडी किती, मेल्या किती – आणि लिहिलं रे लिहिलं की तेच जसंच्या तसं खाद्यवाल्याकडे जातं, कोंबड्यांच्या डॉक्टरांकडे, सुरतेला, विम्यावाल्यांकडे. प्रत्येकाकडे सारखी वही. वर प्रत्येक नोंदीला एक शिक्का बसतो, आणि तो शिक्का आधीच्या नोंदीच्या शिक्क्यातून बनतो. मधलं एक अक्षर बदललं की पुढचे सगळे शिक्के चुकतात, बाकीच्यांच्या वह्यांशी जुळत नाहीत, लगेच उघडं पडतं. ब्लॉकचेन म्हणतात. पुण्याहून बाई आल्या होत्या शिकवायला, त्यांनी चौकोन काढले, कड्या काढल्या – मला काही उमजेना. मग मला माझं देज आठवलं. आमच्यात लग्न ठरतं तेव्हा दोन्हीकडची माणसं अंगणात बसतात, मुलाकडून मुलीकडे काय द्यायचं ते सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलतात. कागद नाही, काही नाही. पण नंतर कोणाला फिरता येत नाही, बसलेल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं ना. एकाला वळवाल, अंगणभर माणसं कशी वळवाल? हे तसंच आहे असं मी धरून चालले.

आणि चिठ्ठीचं तर ठरवूनच ठेवलंय आत. एका शेडमध्ये अमुक इतक्या कोंबड्या मेल्या की त्या फार्मची चिठ्ठी बंद, डॉक्टरांना आपोआप निरोप. त्याला कोणाची सही लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही.

हो. तीन नंबरमध्ये. आता बोललेच आहे तर ऐका. रोज एखाद-दुसरी मरते, त्याचं काही नाही. आज उजाडल्यावर आत गेले तर पिंजऱ्यांच्या रांगाच्या रांगा माना टाकून – तुरे निळे पडलेले, डोळे सुजलेले, आणि शेडमध्ये आवाजच नाही. अंड्यावरच्या लेयर कोंबड्यांचं शेड गप्प कधी ऐकलंय तुम्ही? मी लहान होते तेव्हा नवापुरात असंच झालं होतं, बर्ड फ्लू आला होता. जेसीबीनं खड्डे काढलेले, पांढरे कपडे घालून माणसं आलेली, वर चुना टाकलेला. आईनं आम्हाला घराबाहेर सोडलं नव्हतं. हे तेच आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर धुळ्याहून निघालेत, नमुने घेतील, मग कळेल. पण मी तिथंच, शेडच्या दारात उभी राहून आकडा टाकला. शेठना फोन नंतर केला.

योगेंद्रशेठ वाईट माणूस नाही, उखाभाऊ. माझ्या बाळंतपणात त्यांनीच गाडी दिली होती. ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बेन, तू मन्ही बहीण शे ना? आधी मला सांगायचं, मग लिहायचं." मी म्हटलं, चुकलं शेठ. पण खरं सांगू का? मी मुद्दामच आधी लिहिलं. मी मला ओळखते. कोणी दोनदा गोड बोललं की माझी मान हलते – मी म्हटलं असतं, बरं, संध्याकाळी लिहिते, ट्रक जाऊ द्या. म्हणून आधी टाकून मोकळी झाले. म्हटलं, आता माझ्या हातात राहिलंच नाही, आता कोणी काही म्हणो.

पण तसं नसतं ते. शेठनी पुण्याला, ही वही चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला. खोडता येत नाही, पण दुरुस्तीची नवी नोंद करता येते – सकाळचा आकडा चुकून टाकला, खरा आकडा हा. मूळ नोंद तशीच राहते, तिच्याखाली ही बसते, चिठ्ठी सुरू होते. फक्त जिनं नोंद केली तिचाच अंगठा लागतो. म्हणजे माझा. वही खोडू देत नाही, पण खोटं लिहू नको असंही म्हणत नाही – जे द्याल ते कायमचं जपून ठेवते. दुरुस्ती तयार करून पाठवलीय त्यांनी. हे बघा, लांबूनच बघा – "मंजूर", "नामंजूर". दुपारपासून हे असंच उघडं आहे.

घ्या तुमचा फोन, वाजतोय. घ्या.

शेठ होते ना? मला समजवायला सांगितलं असेल तुम्हाला. मग, समजवा. तुमचीही खेप बुडते, मला कळतं ते. मी काही तुमच्यावर रागावले नाही.

मला हिरीबाईचं कळत नाही काय करू. हिरीबाई म्हणजे – तीन नंबरमधली, खत काढते ती, हिरव्या लुगड्यातली. जोसेफची मोठी बहीण. कालपासून तिला ताप आहे. डोळे लाल, खोकला. ती म्हणते, ऊन लागलं. उन्हानं खोकला येतो का? आज तिला घरीच ठेवलं आणि जोसेफला म्हटलं, कोणाला बोलू नको – लोक वाळीत टाकतील, कामावर परत घेणार नाहीत. शेठना नाही सांगितलं. डॉक्टरांना नाही. तुम्हाला का सांगितलं देव जाणे. कोंबडी शिंकली तरी लिहायला जागा आहे हो यात, आणि हिरीबाईसाठी रकाना नाही. शेरा म्हणून खाली रिकामी ओळ आहे, तिथं मी तिचं नाव लिहिलंही होतं. मग पुसलं, पाठवायच्या आधी पुसता येतं. सुरतेच्या व्यापाऱ्याकडे, विम्यावाल्याकडे, पार पुण्यापर्यंत – हिरीबाई, ताप – कायमचं? ती बरी होऊन नातवंडं खेळवत असेल तेव्हाही ते तिथं असणार, कोणालाच काढता येणार नाही. नको. कोंबड्यांचं राहू दे तिथं. तिचं नको.

पण मग तिचं सांगायचं कोणाला? कोणालाच नाही, असं तर नाही ना चालणार. आणि मंजूर केलं तर डॉक्टर अर्ध्या वाटेवरून परत जातील – चुकीचा आकडा होता म्हणून. मग कोंबड्यांना काय झालं तेच कळणार नाही, तर तिला काय झालंय हे कोण शोधणार? शेठ? शेठना वाटतं मी मोठी खरी बाई. खरी-बिरी काही नाही, मला भीती वाटते, उखाभाऊ. सकाळपासून फाटकाशी येरझारा घालतेय त्या काही कोंबड्यांसाठी नाहीत.

थांबा. थांबा जरा, बोलू नका.

झालं. नामंजूर. तेही गेलं आता सगळ्यांकडे. शेठचा फोन येईल, येऊ दे.

तुम्ही ट्रक रिकामाच न्या. त्या नळावर कोपरापर्यंत हात धुवा, साबण आहे तिथं, चपलाही धुवा. काल ट्रे तुम्हीच उचलले होते ना? मग अंग दुखलं, ताप वाटला तर लपवू नका, घरात बायकोपासूनही नाही. आणि आता निघा, मला फोन करायचाय, मामेबहीण नर्स आहे माझी चिंचपाड्याला. लागला. निघा म्हटलं ना. – हॅलो, आशा? मी प्रिस्किला. हो, फार्मवरूनच. कोंबड्यांचं नंतर सांगते. हिरीबाईला ताप आहे गं, कालपासून. तीन नंबरच्या शेडमध्ये होती. घरीच आहे. नाही – अजून कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाही.