कुत्र्याचा वर्षाचा खर्च

हॅलो? … हॅलो, कोण? … हो, नागपूर. अंजनाबाईच बोलून राहिली… शामला? अवं जरा जोरानं बोल, रायपूर का काही जवळ आहे… हो, शोभाताईच्याच घरून. त्यांनी भिंतीवरून हाक मारली, पोरीचा ट्रंककॉल आला म्हणे. माझी पोळी तव्यावरच राहिली.

बरं आहे सगळं… बरंच आहे म्हणते ना. बाबा? आले ना सोबत. बाहेर ओसरीत बसले. एवढं शेजारी चालून आले तर दम लागला, म्हणे तू बोल, मी बसतो… नाही वं, खोकला तसाच आहे… डॉक्टरानं सांगितलेलं? त्यातलं एकही होत नाही बाई. सांगायले काय लागते त्यांना, करायले पैसे लागतात.

हो, माहीत आहे, तू पाठवले होते. मनिऑर्डर घेऊन पोस्टमन दारात उभा, अन् हे म्हणे, परत घेऊन जा. पोरीच्या घरचा पैसा आम्ही घेत नाही… अवं मले कायले बोलते? ते काही नवीन आहे का? माझा बाप इतक्या खेपा आला आपल्या घरी, पण माझ्या घरचं पाणी नाही पेला कधी. तहान लागली तर शेजारी जाऊन पिऊन येत होता. आता हे त्याच्यावर गेले, तर मी काय करू…

बरं ते राहू दे. कायले फोन केला ते सांग, मिनिटं चालले.

काय? … कुत्रं? कोणाचं कुत्रं? … तुमच्याकडे कुत्रं कधी आलं वं? संक्रांतीले आली होती तवा तर काही बोलली नाही… त्याच्यानंतर आणलं. बरं… श्रीधररावची बदली? अचानक? … अन् नव्या क्वार्टरात कुत्रं ठेवू देत नाही. बरं, मंग?

आमच्याकडे?

थांब, थांब. मले काही समजून नाही राहिलं. रायपूरचं कुत्रं नागपूरले कायले आणायचं? तिथी कोणी ठेवणारं नाही का… जीव लागला, हो, पण… जराशी थांब, विचारते.

अहो, शामला म्हणते कुत्रं ठेवता का म्हणे… कुत्रं. कुत्रं, अहो… तिचंच… मले काय माहीत, मी काही पाहिलं आहे का… हं.

शामे, ते खर्चाचं विचारून राहिले. चाळीस वर्षं इतवारीत भांड्याच्या दुकानात मुनीमकी केली त्यांनी, आधी खर्चच विचारन… तू देशीन? अवं आत्ता काय सांगितलं मी तुले. ते घेत नाही… कुत्र्याचा? हो, कुत्र्याचा तर कुत्र्याचाच आहे म्हणा… अहो, ती म्हणते खर्च मी पाठवीन… तुम्हाले नाही हो, कुत्र्याले. कुत्र्याच्या खाण्यापिण्याले… बरं. बरं, सांगते.

ऐक. ते म्हणते, मुक्या जनावराचा पैसा आहे, तो घ्यायले हरकत नाही. पण वर्षाचा हिशेब आधी पाहिजे. काय लागते, किती लागते, सगळं. वरचा पैसा एक नको… तयारच आहे तुझा? वाहवा. बापाचीच पोरगी आहे. बोल.

दूध… किती? एक लिटर? रोज? अवं कुत्रं आहे का वासरू? आपल्या गल्लीतले कुत्रे तर शिळ्या भाकरीवर जगतात, अन् वरून शेपूट हालवतात. पाव लिटर लिही… नाही चालत? … गाईचंच? म्हशीच्यानं कफ होते? कुत्र्याले कफ होते का?

बरं, पुढं… अंडे. दोन… रोज दोन? … उकडून? शामे, मी कुत्र्याले अंडे उकडून देऊ? सोलून देऊ का मंग? मीठ-मिरी टाकू? … नाही, हासत नाही. मले खरंच समजून नाही राहिलं. लाडाचं कुत्रं दिसते.

काय? आवाज गेला… कूलर? कायचा कूलर? … कुत्र्याले? … हो, उन्हाळा आहे, नागपूरचा उन्हाळा तू मले सांगते का? होळी झाली का इथं आंगण तापते. पण आम्ही काढतोच ना, वाळ्याच्या ताट्या लावतो, पाणी मारतो. त्यालेही मारीन एक बादली… बरं, आणला कूलर. ठेवू कुठी, आंगणात? … आत? … बाबाच्या खाटीपाशी? काहून? … कुत्रं तिथंच झोपन? मंग बाबा कुठी झोपन?

हां भैया, बोल रहे हैं. बात चालू है, काटना मत… शामला? आहे ना? … ऑपरेटर होता. बोल लवकर.

सगळे मिळून किती? … सतराशे? वर्षाचे? अन् कूलर त्याच्यावर? अव माय. शामे, सतराशेत आम्ही दोघं वर्षभर जेवतो, सणसूद धरून. हे मी त्यांना नाही सांगत, आधी मले समजू दे… हे पाय, मी कमी करून देते. दूध पाव लिटर. अंडे काढून टाक, मुळातच नको. कूलर नको, माठापाशी गोणपाट ओलं करून टाकते, तिथी पडून राहीन. दीडशे रुपयांत तुझं कुत्रं वर्षभर ठेवून दाखवते, अन् तेही गुबगुबीत… चिडून काहून राहिली? तुझाच पैसा वाचवून राहिली ना मी…

बरं, नाही मोडत मधात. बोल… टॉनिक. आता टॉनिक. बरं बाई, टॉनिक… अन् महिन्याले तपासणी. कुठी? धंतोलीले? नाही वं, गुराचा दवाखाना धंतोलीत नाही. धंतोलीत तर माणसाचे डॉक्टर आहे. आम्ही नव्हतो का गेलो… तेच डॉक्टर? ते कुत्र्यालेही पाहते? … अन् वर्षातून दोनदा काय? … छातीचा फोटो.

कुत्र्याच्या छातीचा फोटो.

…

शामला.

हे तुझं कुत्रं… रात्री खोकलते का वं?

…

रडू नको. अवं रडू नको, ट्रंककॉल आहे… हो. समजलं. मले उशिरा समजते, तुले माहीत आहे… संक्रांतीले आली तवा दवाखान्यात तू तिथंच बसली होती ना. डॉक्टर सांगून राहिले होते, दूध, अंडे, उन्हात जाऊ नका. मले वाटलं तू खिडकीतून रस्ता पाहून राहिली. सगळंच्या सगळं ध्यानात ठेवलं तू… हो बाई, हो. मलेही वाटते. रात्री ते खोकलतात अन् मी उठून बसते, पाठ चोळून देते, दुसरं काय आहे माझ्या हातात. भीतीच वाटते मले. कोणाले सांगू?

नाही, नाही आले आत. ओसरीतच आहे. शोभाताईनं पाणी दिलं त्यांना.

नाही, मी नाही सांगत. पण मले खोटं जमते का? पाच रुपयाच्या बांगड्या लपवून घेतल्या तरी माझ्या तोंडावर दिसते. ते म्हणतात, अंजना, काय आणलं… अन् हे पाय, कुत्रं आहे तरी का? … नाही? … बदलीही नाही?

अवं मंग मी त्यांना दाखवू काय? इकडे ते शोभाताईले सांगून राहिले, कुत्रं येते आमच्याकडे म्हणून. जागाही ठरवली, मोरीपाशी पोतं टाकतो म्हणे. आता नाही म्हटलं तर मनिऑर्डर पुन्हा परत जाईन… हो. आणच. कुठूनही धर, कोणाचं पिल्लू घे, पण कुत्रं आण. रामनवमीच्या आत आण. बिनकुत्र्याचं दूध ते पेणार नाही…

अहो, आलीच… शामे, ते उठले वं. दारात येऊन उभे झाले. रंग विचारून राहिले. रंग काय सांगू? लवकर बोल… नर का मादी तेही विचारन… भैया, एक मिनिट, बस एक मिनिट और… हॅलो? हॅलो, शामला? …

कटला फोन.

…

काय म्हणता? … नाही, कुठी ठेवला, धरलेलाच आहे ना कानाले. बोलून राहिली ती… काळं आहे म्हणते. काळं, अन् पायाजवळ पांढरं… नर… नाही, चावत नाही. गरीब आहे. बोलत नाही स्वतःहून काही, आपल्यालेच समजून घ्यावं लागते.

खर्च? … दूध लागते म्हणते. एक लिटर… मीही तेच म्हटलं, वासरू आहे का म्हणून. ती म्हणते, आधी त्याच्यापुरतं काढा, उरलं ते तुम्ही घ्या, दूध फेकू नये… हो ना? फेकू तर नयेच… अंडेही आहे. तेही उरनच म्हणते… तुम्ही खाली बसा बरं, उभे नका राहू.

हॅलो, हो शामला, ऐकून राहिली… हो, इथंच आहे, माझ्याजवळ. होच म्हणून राहिले ते… काय म्हणते? लिटर पुरत नाही त्याले? … मंग दीड लिही. दीड लिटर लिही बाई, जनावर आहे, त्याचं पोट मारू नये… हो. ठेवते.