पारड्यातली पोर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, हात पुसा. पेटीचा सूर तेवढा राहू द्या, पण हळू. अभंग झाला, निरूपण झालं, आता आख्यान. आणि आज आख्यानाआधी एक प्रश्न विचारणार आहे. उत्तर मला आवडलेलं नाही, तुम्हालाही आवडायचं नाही!

प्रश्न असा – आपण देवाला जे वाहतो, ते कुणाच्या अंगातून काढून वाहतो?

काका हसले! म्हणाले असतील, महाराज, अंगातून कसलं, दुकानातून आणतो! पिशवी दाखवू का? नको काका, पिशवी राहू द्या. ऐका.

नदीकाठचं एक गाव. नाव सांगणार नाही, का ते पुढं कळेल. उसाचं गाव! थंडी पडली की गुऱ्हाळं पेटायची, आणि वाऱ्यालासुद्धा गोडी यायची. तिथं आनंदराव थोरवत नावाचा गुऱ्हाळवाला. बायको सारिका. दहावी शिकलेली, कामाला वाघीण, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारखी. सगळं होतं घरात. फक्त पाळणा नव्हता. नऊ वर्षं नव्हता!

आता नऊ वर्षं पाळणा नाही म्हटल्यावर बाईला काय काय ऐकावं लागतं, हे मी पुरुषांना सांगून उपयोग नाही, आणि बायकांना सांगायची गरज नाही.

तर सारिकानं गावदेव भैरोबाच्या पायरीवर कपाळ टेकलं. म्हणाली, ‘‘देवा, एक लेकरू दे. मुलगा दे, मुलगी दे, तुझी मर्जी. दरसाल जत्रेला त्याच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन. बारा वर्षं वाहीन!’’

आणि झाली ना मुलगी! शर्वरी नाव ठेवलं. पहिल्या जत्रेला मंडपात ताजवा टांगला. एका पारड्यात दुपट्यात गुंडाळलेली शर्वरी, दुसऱ्यात गूळ. नऊ किलो! हलगी वाजली, गुलाल उडाला, सारिका ढसाढसा रडली. आनंदाचं रडणं बरं का! गूळ गावभर वाटला. इथपर्यंत काय चुकलं? काही नाही. मायमाउली आहे, बोललेलं फेडतेय.

चूक पुढं झाली. आणि अशी चूक झाली, की चूक आहे हे कुणाला वाटलंच नाही!

मंडळी, नवस काय होता? वजनाइतका गूळ. दरसाल वजन वाढलंच पाहिजे, असं कुणी म्हटलं होतं? देवानं? नाही! सारिकानं? नाही! पण माईकवर दरसाल आकडा पुकारायचे ना. ‘‘यंदा अठरा किलोऽऽ!’’ टाळ्या. ‘‘यंदा चौतीस किलोऽऽ!’’ शिट्ट्या. मग काय, आकड्याची चटक लागली. गावाला लागली, घराला लागली. पौष उजाडला की सारिका पोरीच्या मागं ताट घेऊन. जत्रा जवळ आली, खा! काकवी-चपाती खा, सायीचा गोळा खा, शाळेतनं आलीस, बेकरीतली खारी खा, वर गोड चहा पी. पोरगी म्हणायची, ‘‘आई, पोट भरलंय गं.’’ आई म्हणायची, ‘‘देवाला कमी पडंल!’’

आठव्या वर्षी एकेचाळीस किलो. वर्गातली बाकीची पोरं पंचवीस-सव्वीसची. पण गाव काय म्हणतं? खात्यापित्या घरची! गुटगुटीत! कुणी म्हटलं, हे बाळसं आहे, उतरेल आपोआप. अहो, आठ वर्षांच्या पोरीला कसलं बाळसं? मग मला पण बाळसंच म्हणा की! (हसू नका एवढं. पोट माझं आहे.)

आता त्या गावच्या शाळेत शमा मुल्ला नावाच्या बाई होत्या. बारीक अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी शनिवारी सकाळी शाळेत एक उद्योग सुरू केला. पोरांचे डबे उघडायचे, आयांना बोलवायचं, आणि बोलायचं. ओरडायचं नाही, बोलायचं! थंड पेयाची रिकामी बाटली घ्यायच्या, पोरांकडूनच तिच्यात साखरेचे चमचे टाकून घ्यायच्या. सात, आठ, नऊ, डझनावर गेले की पोरं किंचाळायची, ‘‘बाई, एवढी?’’ वाढदिवसाला चॉकलेट बंद, पेरू नाहीतर भाजके शेंगदाणे. फाटकासमोरच्या दुकानदाराला जाऊन हात जोडले, सुट्टीच्या घंटेला वेफरची पाकिटं दारात टांगू नको बाबा. भिंतीवर तक्ता लावला, तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची-वजन. आणि रोज तास संपला की खो-खो.

एका शनिवारी बाईंनी सारिकाला बाजूला घेतलं. शर्वरीची वेणी उचलली. मानेवर काळा पट्टा, जाडसर, मखमलीसारखा.

‘‘वहिनी, हे बघितलंत?’’

सारिकाच्या काळजात लाज उसळली. कारण तिनं बघितलं होतं! रोज बघत होती. मळ समजून टाचा घासायच्या वजरीनं ती पोरीची मान घासत होती. पोरगी ओरडायची, रक्त यायचं, पट्टा जायचा नाही.

‘‘माझी पोर मळकट हाय, असं म्हणायचंय का तुमाला?’’

‘‘मळ नाही हा. आतली साखर बिघडायला लागली, की मानेवर असं दिसतं. घासून जायचं नाही. डॉक्टरला दाखवा. आणि खाणं जरा...’’

‘‘साखर? आमच्या घरात साखर न्हाईच! गूळ हाय. सोताच्या गुऱ्हाळाचा! गुळानं काय हुतंय?’’

आणि पोरीचा हात धरून तरातरा निघून गेली. इथं कितीजण मनात म्हणाले, खरंच की, गुळानं काय होतंय? हात वर करायची गरज नाही. मीही म्हणालो होतो.

पण पोरगी! शर्वरीला खो-खोचं वेड लागलं होतं, मंडळी. आधी खांबाभोवती दोन फेऱ्या पळाली की धापा टाकायची. मग चार. मग एक दिवस तिनं वर्गातल्या सगळ्यात चपळ पोरीला बाद केलं! त्या दिवशी घरी नाचत आली. बाईंनी सांगितल्याप्रमाणं डब्यात भाकरी-भाजी मागून न्यायला लागली. पाकिटाला हात लावीना. सारिकाला वाटायचं, पळतेय, हसतेय, गाढ झोपतेय, बरंच आहे की. आईच ती, तिला पोरगी हसलेली आवडत नव्हती का? आवडत होती.

मधली एक जत्रा एकोणपन्नासाची झाली होती. आता दहावी जत्रा आली. ताजवा टांगला. शर्वरी पारड्यात बसली, अंगानं उंच झालेली, चेहऱ्यावर तेज. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढल्या. आणि काटा थांबला.

शेहेचाळीस.

तीन किलो कमी! हलगीवाल्याचा हात अडला. टाळी नाही. सारिकाची जाऊ सुलोचना मोठ्यानं म्हणाली, ‘‘अगं बाई, पोरगी वाळली की! आजारी हाय का?’’ मागून कुणीतरी, ‘‘देवाला गेल्या सालापेक्षा कमी? बरं न्हवं हे. दिल्यालं परत न्हेतोय तो.’’ नऊ वर्षांची रिकामी ओटी सारिकाला आठवली. ज्यानं दिलं, त्याला कमी दिलं!

आणि मंडळी, माईकवर आकडा पुकारणारा जो होता ना, सगळं गाव ज्याला महाराज म्हणतं, त्याला तरी अक्कल हवी होती! त्यानं म्हणायला हवं होतं, वा शर्वरी, काय छान धावतेस! तो काय म्हणाला? तो म्हणाला, ‘‘हरकत नाही! पुढच्या साली भरून काढू!’’

सगळे हसले. टाळ्या पडल्या.

कोण होता तो?

मी. मीच होतो, मंडळी. ह्याच तोंडानं बोललो. म्हणून गावाचं नाव सांगत नाही, लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सारिका शाळेत. ‘‘बाई, माझ्या पोरीला पळवायचं न्हाई. तक्त्यावरनं तिचं नाव खोडा. नवसाची हाय ती!’’

मुल्ला बाई म्हणाल्या, ‘‘वहिनी, नवसाची आहे म्हणूनच सांगते. हात जोडते तुम्हाला.’’

‘‘तुमाला आमच्या देवाचं काय कळतंय?’’

खिडकीतून शर्वरी बघत होती. बाहेर तिच्याशिवाय खो-खो सुरू झाला होता.

मग वर्षभर भरून काढणं चाललं. आणि चमत्कार असा, की आता पोरगी नाही म्हणेना. ताटात पडेल ते मुकाट्यानं खाई. सारिकाला वाटलं, शहाणी झाली! साठ किलोवर गेली. सारिकानं देवाला साखर... चुकलो, गूळ-खोबरं ठेवलं.

जत्रेला पंधरा दिवस उरले, आणि पोरीला तहान लागली. कसली तहान? तांब्यावर तांब्या! सारखी लघवीला. अकरा वर्षांची पोर, अंथरूण ओलं करायला लागली. आणि वजन उतरायला लागलं. सारिका रोज सकाळी तिला गुऱ्हाळाच्या काट्यावर उभी करायची. अठ्ठावन्न. सत्तावन्न. पंचावन्न! ऐन जत्रेच्या तोंडावर! मग तहानेला पाणी कशाला? उसाचा रस दे. सकाळी रस, दुपारी रस, वर काकवी. मंडळी, आई स्वतःच्या हातानं पेला तोंडाला लावत होती. डोक्यावरून हात फिरवत लावत होती. प्रेमानं!

जत्रेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, शर्वरी ओट्यावर आडवी झाली ती उठेना. श्वास खोल-खोल चाललेला, तोंडाला कुजल्या फळासारखा वास. आनंदरावानं टेम्पोत घातली, तालुक्याला नेली. डॉक्टरनं बोटाला सुई टोचली, थेंब मशीनला लावला. आकडाच येईना! नुसता शब्द आला. सिस्टर म्हणाली, ‘‘डॉक्टर, हाय दाखवतंय.’’

सारिका म्हणाली, ‘‘हाय म्हणजे? काय हाय, ताई? माझी पोर हाय न्हवं?’’

नका हसू. हसू येतं, मलाही आलं होतं ऐकताना. साखर इतकी, की मशीनला मोजता येत नव्हती! डॉक्टरनं विचारलं, ‘‘काय देत होता हिला?’’ तिनं सांगितलं, ‘‘रस.’’ डॉक्टरनं मान खाली घातली. रागावला असता, तर बरं झालं असतं.

पाच दिवस पोरगी दवाखान्यात, सलाइनवर. जगली. पण आता पोटात रोज इन्सुलिनच्या सुया, आणि मूत्रपिंडाला धक्का बसला तो वेगळाच.

तिथं जत्रेच्या सकाळी आनंदरावाचा फोन वाजला. जत्रा कमिटी! ‘‘पोरगी न्हाई आली तरी चालतंय. आकडा तेवढा सांगा, ढेपा चढवतो. गेल्या सालचा धरू, का वाढवून?’’ अहो, ताजव्यात पोर नको, आकडा हवा! आनंदरावानं फोन सारिकाच्या हातात दिला.

आणि खाटेवरून शर्वरी हळूच म्हणाली, ‘‘आई, साठ सांग.’’

‘‘का गं बाळा?’’

‘‘कमी झालं की देव मला परत न्हेतोय न्हवं? म्हणून तर मी सगळं खात होते. पोट दुखायचं, तरी खात होते. तू रडशील म्हणून.’’

ऐकलंत, मायबाप? दहाव्या जत्रेला ताजव्याभोवती जे सगळे बोलले, ते त्या पोरीनं पारड्यात बसून ऐकलं होतं. आम्हाला ती गंमत होती, तिला तो करार वाटला. वर्षभर ती पोर भुकेनं खात नव्हती, भीतीनं खात होती! आणि आम्ही म्हणत होतो, शहाणी झाली!

सारिकानं फोन बंद केला. पोरीच्या पायावर डोकं ठेवलं. भैरोबाच्या पायरीवर ठेवलं होतं ना, तसंच.

पोरगी घरी आल्यावर पुढच्या शनिवारी सारिका शाळेत गेली. बायका किती आल्या होत्या? सात! दीडशे पोरांच्या शाळेत सात! ती मुल्ला बाईंचे पाय धरायला वाकली, बाईंनी धरू दिले नाहीत. मग ती त्या सात जणींपुढं उभी राहिली. म्हणाली, ‘‘मी वाईट आई न्हवते. अडाणी न्हवते. मला सांगणारी मिळाली होती. मी ऐकलं न्हाई.’’ एवढंच बोलली आणि मागं जाऊन खाली बसली.

तर मंडळी, आता माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या. तो गूळ कुणाच्या अंगातून काढला होता? देवानं मागितला होता का? देवाला गूळ कमी पडला, असं आजवर कुठल्या देवानं कुणाला सांगितलंय? सांगतो ते आपण! आपली हौस, आपली ऐट, आपला आकडा, आणि पावती फाडायची देवाच्या नावानं! तुमच्या शाळेतही तक्ता लागलाय. पालकांना बोलावलंय. मी मघाशी गुरुजींना विचारलं, किती येतात? त्यांनी बोटं दाखवली. एका हाताची पुरली!

आता गजर घ्यायचा. पण थांबा. पहिल्या ओळीतल्या मावशी... हो, तुम्हीच. मांडीवरचं बाळ किरकिर करत होतं, म्हणून त्याच्या हातात काय दिलंत? लपवू नका पदराखाली. पाकीट आहे, मला इथनं दिसतंय. मी रागावलो नाही, मला तोंडच नाही रागवायला! पण मावशी, त्याला भूक लागलेली नाही. माझं बोलणं लांबलं, त्याला कंटाळा आलाय. पाकीट तेवढं बाजूला ठेवा. त्याला खांद्यावर घ्या, दारापर्यंत एक चक्कर मारून आणा.

जा. तुम्ही आल्याशिवाय आम्ही गजर सुरू करत नाही.