दहातले कटिंगवाले

लॅपटॉपच्या दुकानात मी चार्जर बदलून घ्यायला थांबलो होतो. माझ्या पुढे गळ्यातली मापाची टेप काढायला विसरलेली एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी होती. काउंटरमागे विक्रेता.

"आई, तू मध्ये बोलू नकोस हं."

"नाही बोलत, बाई."

"ताई, हाच घ्या. यात दहा कोअर आहेत. तो दुसरा आठचाच आहे."

"मलाही दहावालाच हवाय."

"कोअर म्हणजे काय हो?"

"आई."

"विचारू द्या की. काकू, कोअर म्हणजे आत काम करणारी माणसं समजा. इथे दहा जण एकदम कामाला."

"त्यातले कटिंग करणारे किती आणि काजं-बटणं करणारे किती?"

"असं काही नसतं, काकू."

"बघा तरी."

"थांबा, कंपनीच्या साइटवर बघतो... मोठे कोअर दोन. बाकीचे आठ लहान, हलक्या कामाचे."

"आणि त्या आठवाल्यात?"

"त्यात आठही मोठे आहेत."

"ही तासन्‌तास व्हिडिओ एडिट करत बसते. ते काम जड की हलकं?"

"चांगलंच जड."

"मग आठवाला दाखवा."

"आई, तुला हे कसं सुचलं?"

"आपल्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"दहा कुशल कारागीर."

"आणि कटिंग कोण करतं?"

"तू आणि मामा."