राजीनामा मीच सांगितला होता

मी मूळचा अंबरनाथचा. वडील कारखान्यात फिटर, आणि कारखाना बंद होणार असं कळल्यावर, कुणी काढायच्या आतच त्यांनी राजीनामा दिला, भरपाईवर पाणी सोडलं, पण मला कुणी काढलं नाही, मी सोडलं, असं शेवटपर्यंत सांगत राहिले. सांगताना मान अशी ताठ व्हायची. ती मान मी डोक्यात घेऊनच इकडे अबूधाबीला आलो, असं आता वाटतं.

मुसफ्फाच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी एचआर बघतो, म्हणजे बघायचो. ऑफिसला मोठी काच होती. दुपारी तिच्यातून शेड पाहिली की उन्हात सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायचं, ठिणग्या उडायच्या पण आवाज यायचा नाही, आणि त्या ठिणग्यांमागे धोंडिराम, गडहिंग्लजचा वेल्डर, अकरा वर्षं त्याच जागी. मला तो कधीकधी माणूस नाही, आठवणच वाटायचा कुणाचीतरी.

काय सांगू तुम्हाला, ऑर्डरी आटल्या आणि कमी करायच्या माणसांची यादी आली. मॅनेजर म्हणाला, यल्ला, जल्दी करो, आज ही सबको लेटर दे दो. यादीत धोंडिराम होता. बाकीच्यांना कंपनीनं काढल्याची पत्रं दिली, याला मात्र मी केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, काढलं हा डाग तुला नको, राजीनामा लिही, पुढं बरं दिसतं. मजकूरही मीच सांगितला, वैयक्तिक कारणामुळे. तो म्हणाला, सायेब, तुमी म्हणशीला तितं सही. केली त्यानं सही. केवढं मोठं काम केलं असं मला वाटलं हो.

आठ दिवसांनी त्याचा कामगारांच्या कॅम्पातून फोन, सायेब, सगळ्यांचं विम्याचं अर्ज गेलं, माझा घेत न्हाईत, नोकरी तूच सोडलीस म्हनत्यात.

इथं नोकरी गेली तर सरकारच्या विम्यातून तीन महिने आधार मिळतो, पण कंपनीनं काढलं असेल तरच, स्वतः सोडली तर नाही, आणि अर्ज तीस दिवसांत करायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. या लोकांची विम्याची नोंदणी मीच करायचो, दरवर्षी. पण तो मजकूर सांगताना मी मुसफ्फात नव्हतोच, अंबरनाथच्या खोलीत होतो, वडिलांच्या मानेकडे बघत.

घरी, मोहम्मद बिन झायद सिटीत, सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, जस्ट टेल देम द ट्रुथ. मॅनेजर म्हणाला, खलास, हबीबी, पेपर इज पेपर, बोलोगे तो तुम्हारे ऊपर आएगा.

तरी धोंडिरामला घेऊन कामगार खात्याच्या तक्रारीच्या काउंटरवर गेलो, कमी करायच्या यादीची प्रत माझ्याकडे होती. तिथल्या माणसानं राजीनामा वाचून विचारलं, ये शब्द किसके हैं? मी म्हटलं, मेरे. माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली. कंपनीला राजीनामा रद्द करून काढल्याचं पत्र द्यावं लागलं, आणि मुदत संपायला चार दिवस असताना अर्ज गेला. मंजूर झाला. धोंडिराम म्हणाला, सायेब, तुमी माज्या चांगल्यासाटीच केल्तं. यापेक्षा शिवी परवडली असती.

मग मॅनेजरनं माझ्यापुढं कागद सरकवला, त्यात तेच शब्द, वैयक्तिक कारणामुळे, म्हणाला, इज्जत से चले जाओ. मी म्हटलं, सही नाही करणार, काढायचं तर काढा. काढलं. गैरवर्तन लिहिलं, म्हणजे विमा मलाही नाही. नसू दे.

काल दुपारी डुलकी लागली तर वडील दिसले, कारखान्याच्या गेटबाहेर बाकावर बसलेले. मी म्हटलं, अण्णा, मला काढलं. ते जरा सरकले आणि शेजारी जागा केली.